दुसऱ्या वेळचा खर्च

डॉक्टरीणबाईंनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक सोनोग्राफीचा, एक खर्चाचा. दुसऱ्या कोणत्याही शहाण्या बाईने आधी सोनोग्राफीचा उचलला असता. मी खर्चाचा उचलला, वरचं काही न वाचता थेट तळाचा आकडा पाहिला. दीड लाख.

"पहिल्या वेळी पावणेदोन होते," मी म्हणाले. "आता तर गेलं तेवढंच परत भरायचंय ना?"

"काम तेवढंच असतं हो," त्या म्हणाल्या. "थिएटर तेच, भुलीचे डॉक्टर तेच. मांडीतून चरबी काढायची, साफ करायची, छातीत भरायची. तुम्ही जुन्या पेशंट म्हणून मी पंचवीस हजार कमी केलेत."

"चरबी माझीच आहे. तिचे पैसे नाही ना लावलेत?"

त्या हसल्या. माझ्या जिभेची त्यांना सवय झाली होती. मग त्यांनी दुसऱ्या, सोनोग्राफीच्या कागदावर पेन टेकवलं. उजवीकडची गाठ साधी होती. पहिल्या वेळी भरलेल्या चरबीतला थोडा भाग जगला नाही, तो तिथेच घट्ट होऊन बसला. असं होतं, घाबरायचं काही कारण नाही, सहा महिन्यांनी परत एकदा बघू.

मी मान डोलावली आणि पुन्हा खर्चाच्या कागदाकडे वळले. खरं तर त्या वेळी घरी, चऱ्होलीत, माझ्या सासूबाई सकाळपासून उपाशीपोटी त्या दुसऱ्या कागदाची वाट बघत बसल्या होत्या. त्यांना साखरेचा आजार आहे, उपाशी राहणं त्यांना झेपत नाही. तरी मी तिथे बसून दीड लाखाचा विचार करत होते. हे लिहिताना मला माझी लाज वाटते, पण तसंच झालं.

मी चाकणला गाड्यांचे रबरी भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मापं तपासते. दिवसभर माझ्या हातात गेज असतं. भाग मापात बसला तर हिरव्या ट्रेमध्ये, नाही बसला तर लाल. हे काम मी चौदा वर्षं करते आहे आणि माझ्या हातून चुकीचा भाग सहसा पुढे जात नाही. स्वतःकडे बघायची वेळ आली की मात्र मी कायम लाल ट्रेमध्ये.

पहिल्यापासून मी सपाट. शाळेत मुली हसायच्या, लग्नाच्या ब्लाउजला शिवणाऱ्या बाईंनी आतून कप लावून दिले, आणि मुलगी झाली तेव्हा भेटायला आलेल्या बायकांनी माझ्यासमोरच काळजी केली की हिचं लेकराला कसं पुरणार. पुरलं. वर्षभर पुरलं. सासूबाईंनीच त्या बायकांना तोंडावर ऐकवलं होतं, "तुमच्या घरच्या पोरांपरीस बाळसं धरलंय माझ्या नातीनं." आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे. मीही त्यांना आत्याच म्हणते. बाळंतपणात सव्वा महिना रोज त्यांनी मला तेल लावून न्हाऊ घातलं. माझ्या आईने घातलं नसतं इतक्या मनापासून.

तर सवय झाली होती. आठ-दहा वर्षं कंपनीत आम्ही सगळ्या ढगळ निळे कोट घालायचो, त्यात कोण कशी आहे ते कळायचं नाही. मग नवे साहेब आले आणि त्यांनी टी-शर्ट आणले. समोर डाव्या बाजूला कंपनीचं चिन्ह. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्याच लाइनवरची एक जण म्हणाली, "बरं झालं बाई चिन्ह छापलं, नाहीतर ताईंची पुढची बाजू कुठली ते कळलंच नसतं." सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. घरी आल्यावर टी-शर्ट धुतला, दोरीवर टाकला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिले. दोरीवर तो जसा दिसत होता तसाच माझ्या अंगावर दिसायचा.

त्याच वर्षी मी फोनवर शोधायला लागले. सिलिकॉनचं नको होतं, अंगात परकं काही नको. स्वतःच्याच मांडीतली चरबी काढून छातीत भरतात हे वाचलं आणि ते मला फार पटलं. इकडचं उचलून तिकडे. पैसे माझ्या ओव्हरटाइमचे होते, भिशी लागली होती, कोणापुढे हात पसरायचा नव्हता. सांगवीचा पूल ओलांडला की पलीकडे दवाखाना.

यांना सांगितलं. यांच्या दोन बस कंपन्यांना लावलेल्या आहेत, दिवसभर ड्रायव्हर लोकांशी वाद घालून दमून आलेले असतात. ऐकून म्हणाले, "अगं, मला काय फरक पडत नाय. मी कधी काय बोललोय का?"

"तुम्हाला पडत नसेल. मला पडतो."

त्यावर म्हणाले, "बरं. कधी जायचंय सांग, गाडी रिकामी ठेवतो." नवऱ्याबद्दल माझ्या खूप तक्रारी आहेत, पण या एका वाक्यासाठी त्यातल्या निम्म्या माफ.

प्रश्न होता आत्यांचा. छातीला पट्टा, मांड्यांवर काळेनिळे डाग, आठ दिवस घरी. एका घरात हे लपणार कसं? आणि खरं सांगायचं तर काय सांगायचं? अडतिसाव्या वर्षी, पदरात शाळकरी मुलगी असताना, सुनेला छाती वाढवून घ्यायची आहे? मीच डोकं लढवलं. सांगायचं, छातीत साधी गाठ आहे, काढायची आहे. हे म्हणाले, असलं काही बोलू नको. मी ऐकलं नाही.

स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगून टाकलं. आत्या भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि तव्यावरची भाकरी करपली. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून भाकरी करपलेली मी पाहिली नव्हती. संध्याकाळी यांनी सांगितलं ते मला लग्नाला चौदा वर्षं होऊनही माहीत नव्हतं. आत्यांची थोरली बहीण छातीतल्या गाठीनेच गेली. लाजेपायी कोणाला दाखवली नाही, दाखवली तेव्हा उशीर झाला होता. "आता तरी खरं सांग तिला," हे म्हणाले.

सांगता आलं असतं. दहा पावलांवर त्या बसल्या होत्या. पण तारीख ठरली होती, पैसे भरले होते, आणि मला वाटलं आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न आहे, गाठ साधी निघाली म्हणून सांगितलं की मिटलं.

ऑपरेशन झालं. दुखणं मांड्यांचंच जास्त होतं. डॉक्टरीणबाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, भरलेली सगळी चरबी टिकत नाही, काही शरीर शोषून घेतं, आणि वजन अजिबात उतरू द्यायचं नाही. यातलं "काही टिकत नाही" हे मी ऐकून सोडून दिलं. मला उरणारंच दिसत होतं.

आणि उरलं! महिन्याने सूज उतरली तरी उरलं. फार नाही, कोणी वळून बघावं असं काही नाही. पण चिंचवड गावठाणातल्या माझ्या शिवणाऱ्या बाईंनी टेप लावला आणि सवयीने विचारलं, "कप लावायचे ना?" मी म्हणाले, "नको." त्यांनी टेपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "अंग भरलंय तुमचं," एवढंच म्हणाल्या आणि वहीत नवीन माप लिहिलं. जांभळ्या रंगाचा तो ब्लाउज. तिथून स्टेशनपर्यंत मी रिक्षा केली नाही, चालत गेले, कारण मला चालायचं होतं.

त्या चार महिन्यांबद्दल काय सांगू. सकाळी कंपनीच्या बसची वाट बघताना ऊन बाजूने यायचं आणि रस्त्यावर माझी सावली पडायची. मी जरा तिरकी उभी राहायचे. सावलीला छाती होती. एवढंच. रोज सकाळी तेवढी दोन-तीन मिनिटं मी सावलीकडे बघायचे आणि बस आली की चढायचे. टी-शर्टवरचं चिन्ह थोडं पुढे आलं होतं. कोणाच्या लक्षात आलं नसेल, माझ्या आलं होतं. मला कोणाला दाखवायचं नव्हतं. मला स्वतःला तसं असायचं होतं, लहानपणापासून, आणि चार महिने मी तशी होते.

मग नवरात्र आलं.

आत्यांनी नवस बोललेला होता, हे मला घट बसायच्या आदल्या आठवड्यात कळलं. सुनेची गाठ साधी निघू दे, नवरात्राचे नऊही दिवस नुसत्या पाण्यावर राहीन. गाठ साधी निघाली होती, निघणारच होती, ती कधी नव्हतीच. पण देवीला बोललेलं फेडायला तर हवं. यांनी हातापाया पडून सांगितलं, साखरेसाठी सुई घेणारं माणूस तू, नऊ दिवस पाण्यावर राहिलीस तर दवाखान्यात न्यावं लागेल. त्यांचं एकच, "तिचा जीव वाचला. मी शब्द दिलाय." आमच्याकडे नवस ज्याने बोलला त्याला जमलं नाही तर ज्याच्यासाठी बोलला त्याने फेडला तरी चालतो. म्हणजे मी.

कसं नाही म्हणणार? माझ्या खोट्यासाठी त्या बाईने जीव पणाला लावला होता. डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी विसरले नव्हते. नऊ दिवसांनी असं काय होतंय, म्हटलं. पाण्याचं दुधावर आणलं, वर दिवसाला एक केळ, एवढी सूट देवीकडून आत्यांनीच मिळवून दिली. नऊ दिवस मी गेटपर्यंत अनवाणी जायचे आणि आत गेल्यावर सेफ्टी शूज घालायचे, कारण देवीला चाललं असतं तरी सेफ्टीवाल्याला चाललं नसतं. त्या त्या दिवसाच्या रंगाची साडी घरून नेसून जायचे. सातव्या दिवशी जांभळा रंग होता. तो ब्लाउज घातला आणि बगलेखाली कापड जरा सैल लागलं. वाटलं, धुतल्यामुळे असेल.

उपास सुटला, पण पोट बिघडलं ते महिनाभर. दिवाळीपर्यंत पाच किलो उतरले. आधीच काडी, त्यात पाच किलो. मग घाबरून लाडू खात सुटले. लाडू सगळे पोटावर गेले, जिथे जायला हवे होते तिथे एकही गेला नाही. दिवाळीनंतर सकाळच्या उन्हात मी तिरकी उभी राहिले आणि सावली पहिल्यासारखी, सरळ. बस आली, चढले. चाकणपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले.

"उपासाने सगळं गेलं असं नाही म्हणता येणार," डॉक्टरीणबाई त्या दोन कागदांच्या दिवशी म्हणाल्या. "थोडं जाणारच होतं. पण वजन उतरल्यावर उरलेलंही आकसलं." मला फरक कळला नाही. गेलं ते गेलं.

इकडे आत्यांचं वेगळंच सुरू झालं होतं. शाळेत भरलेल्या आरोग्य शिबिरात नर्सबाईंनी बायकांना तीन बोटांनी छाती कशी तपासायची ते शिकवलं होतं. आत्या पहिल्या रांगेत बसून शिकून आल्या. तेव्हापासून दर रविवारी मी न्हाणीघरात गेले की बाहेरून हाक यायची, "कडी काढ गं." कोमट तेलाची वाटी घेऊन त्या आत यायच्या, बाळंतपणात लावायच्या तसं पाठीला, खांद्यांना तेल लावायच्या आणि मग तीन बोटं गोल फिरवत तपासायच्या. डोळे मिटून. जणू ऐकतायत. "न्हाई काय. चांगलं हाय," म्हणाल्या की मी सुटायचे. सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग सवय झाली, आणि मग, खरं सांगते, मी रविवारची वाट बघायला लागले. मोठं झाल्यावर आपल्याला इतक्या काळजीने कोण हात लावतं?

माघातल्या एका रविवारी त्यांची बोटं थांबली. पुन्हा मागे आली, पुन्हा थांबली. डोळे उघडले.

"हितं काय तरी हाय," त्या म्हणाल्या.

होतं. वाटाण्याएवढं. मी खोटी सांगितलेली गाठ खरी होऊन त्यांच्या बोटाखाली आली होती.

म्हणून मी त्या दिवशी दवाखान्यात गेले होते. गाठ दाखवायला, आणि त्यातच दुसऱ्या वेळचा खर्च विचारायला. दोन्ही कागद पर्समध्ये घालून पूल ओलांडला, सांगवीतून बस धरली. बसमध्ये हिशेब काय करायचा होता, पैसे जमले असते. मी बहाणा शोधत होते. आता तर सोपं होतं, गाठ खरीच होती, ती काढायची म्हणून परत आठ दिवस घरी, कोणाला शंका आली नसती. माझ्या मनात हे आलं. चऱ्होलीचा फाटा येईपर्यंत मी ते पक्कंही केलं होतं.

दारात आत्या बसल्या होत्या. ओठ सुकलेले, समोर जेवणाचं ताट झाकून ठेवलेलं. मला बघून उठायला गेल्या आणि भिंतीला हात लावून थांबल्या. नुसतं बघत होत्या.

आणि माझ्याच्याने झालं नाही. आधी त्यांना गुळाचा खडा दिला, पाणी दिलं, चार घास खायला लावले. म्हटलं, साधी आहे आत्या, देवाशपथ साधी आहे. मग बाकीचं सगळं सांगितलं. गाठ कधी नव्हती. चरबी, मांडी, टी-शर्ट, सगळं. दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले, जसे काही त्या वाचणार होत्या.

त्यांनी दोन्ही कागदांवरून हात फिरवला. मग विचारलं, "किती लागलं?"

"पावणेदोन."

"आन परत केलं तर?"

"दीड."

"परत केल्यावर ऱ्हाईल?"

"सांगता येत नाही."

मला वाटलं आता पैशांवरून बोलतील, वयावरून बोलतील. मी उत्तरंही तयार ठेवली होती. त्या म्हणाल्या, "तुला काय हवं ते करायचं व्हतं गं. मी काय खाल्लं असतं व्हय तुला? पन गाठ कशाला म्हनलीस? माजी भन गेली व्हती. मी रोज रातीला तिला बघत व्हते तुज्या जागी." आणि ताट उचलून आत गेल्या.

त्यानंतर त्या माझ्याशी वाईट वागल्या असं नाही. चहा देतात, डबा भरून देतात, मुलीच्या अभ्यासाचं विचारतात. पण रविवारी न्हाणीघराच्या बाहेरून हाक आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. मी कडी न लावता बसायला लागले. अंगावर पाणी घ्यायच्या आधी थोडा वेळ तशीच बसायचे, पाणी निवायचं.

दीड लाखाचा कागद कपाटात जांभळ्या ब्लाउजच्या घडीत आहे. मला अजूनही ते हवंय. हे मी लपवणार नाही. सकाळी बसथांब्यावर अजूनही माझं लक्ष सावलीकडे जातं, आणि अजूनही वाईट वाटतं. डॉक्टरीणबाईंचा दोनदा फोन येऊन गेला. कळवते म्हणाले. पण आता कपाट उघडलं की कागदाआधी मला ती तीन बोटं आठवतात.

गेल्या रविवारी बाहेर पावलं वाजली. दारापाशी थांबली. फरशीवर वाटी टेकवल्याचा आवाज आला. मी दार जरासं लोटून हात बाहेर काढला. तेल होतं, कोमट केलेलं.

"सहा म्हैन्यांनी दावायची म्हनलं व्हतं न्हवं?" बाहेरून आवाज आला. "तवर तुजं तू बघत जा. तीन बोटांनी."

"मला नीट कळत नाही, आत्या," मी म्हणाले. दिवसभर मापं तपासणारी मी. "तुम्ही बघा ना."

उत्तर आलं नाही. पावलंही गेली नाहीत. दाराखालच्या फटीतून त्यांच्या पायांची सावली मला दिसत होती. वाटी हातात धरून मी तिच्याकडे बघत बसले. कडी मी लावलेलीच नव्हती.